१ जुलैचे आजोबा आणि चम्मकचा ताम्रपट

आमच्या आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९३१ अशी आहे. त्यांची थोरली बहीण, जिला घरात सगळे आक्का म्हणत, ती मात्र आपला भाऊ मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी जन्मला असे शेवटपर्यंत सांगत असे. सुईण इतवारीतून निघाली आणि काळ्या-पिवळ्या मारबतीच्या गर्दीत अडकली, तोवर शेजारच्या काकूंनीच बाळ हातात घेतले होते, हा प्रसंग ती दर वेळी त्याच क्रमाने सांगायची. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला निघते, आणि ती कधीही जुलैत येत नाही. पुढे नगरपालिकेच्या जन्मनोंदीचा उतारा हाती आला, त्यात बाळाचे नाव नव्हते. ‘मुलगा’ एवढा शब्द, वडिलांचे नाव आणि १७ सप्टेंबर ही तारीख होती.

तीन साधने आणि तीन उत्तरे. यांतले खरे कोणते, असा प्रश्न आपण सहज विचारतो, पण इतिहासाचा अभ्यासक त्याआधी दुसराच प्रश्न विचारतो: ही नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी केली? शाळेतल्या गुरुजींना मूल पहिलीत बसवायचे होते, त्यासाठी वय पुरेसे दिसणे आवश्यक होते, आणि घरच्यांना तारीख सांगता आली नाही की शाळा उघडण्याच्या सुमाराची, महिन्याची पहिली तारीख लिहिण्याची रीत होती. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून आणि १ जुलैला जन्मलेली माणसे इतकी का भेटतात, याचे कारण तेच आहे. नगरपालिकेची तारीख ही बहुधा खबर दिल्याची तारीख होती, कारण बाळंतिणीच्या घरातून कोणी त्याच दिवशी कचेरीत जात नाही. राहिली आक्काची आठवण. आठवणी वर्षांच्या बाबतीत फसवतात, पण सणाला आणि अडचणीला बांधलेली आठवण सहसा जागेवर राहते. पंचांग काढून पाहिले तेव्हा १९३१ साली अधिक आषाढ असल्याने पोळा उशिरा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता, असे दिसले. आक्काचे सांगणे आणि नगरपालिकेचा उतारा एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी येऊन पोचले होते.

भूतकाळ पुन्हा पाहता येत नाही; त्याच्या खुणा तेवढ्या मागे उरतात. कागद, तांब्याचे पत्रे, खापरे, नाणी, घरांचे पाये, गाणी, गावांची नावे आणि माणसांच्या आठवणी या सगळ्यांना मराठीत आपण ‘साधने’ म्हणतो, आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो, कारण साधन स्वतःहून काही करीत नाही, ते वापरावे लागते. यातली जवळजवळ कोणतीही गोष्ट आपल्यासाठी तयार झालेली नव्हती. ती कोणाच्या तरी त्या दिवसाच्या गरजेतून तयार झाली, आणि आपण तिला त्या गरजेपलीकडचे प्रश्न विचारतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. ताम्रपट म्हणजे जमिनीची सनद, आजच्या भाषेत सातबारा आणि बक्षीसपत्र एकत्र. राजाने गाव दान दिले, ते कोणाला दिले, त्याच्या सीमा आणि सवलती काय, आणि पुढे कोणी ते हिरावून घेतले तर त्याला कोणते पाप लागेल, हे सारे तांब्यावर कोरून दान घेणाऱ्याच्या हाती दिले जाई, कारण कागद किंवा भूर्जपत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नव्हते. या ताम्रपटात चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे लिहिले आहे. चर्मांक म्हणजे आजचे चम्मक, हे दोन्ही नावे एकदा मोठ्याने उच्चारली की कळते.

आता जरा जवळून पाहू. मजकूर हजार ब्राह्मणांचा आहे, पण पुढे नावांची जी यादी कोरली आहे तिच्यात फक्त ४९ नावे आहेत. लेखनिकाने आळस केला, की मुख्य घराण्यांचीच नावे पुरेशी मानली गेली, की ‘हजार’ हा आकडा राजाच्या दातृत्वाला शोभेल असा घातला गेला? यांपैकी कोणते उत्तर बरोबर आहे, हे पत्रा सांगत नाही. तरीही एक गोष्ट पक्की होते: राजशासनातला मोठा आकडा ही शिरगणती नसते. हे एकदा लक्षात आले की पुढे एखाद्या शिलालेखात लाखो गाई दान दिल्याचे वाचताना आपण श्वास रोखून धरीत नाही.

याच ताम्रपटात एक अट आहे, आणि माझ्या मते ती सगळ्या दानापेक्षा जास्त बोलकी आहे. हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालेल, पण ते घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार किंवा ब्रह्महत्या करू नये, राजाला विष घालू नये, युद्ध करू नये आणि शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. असे काही घडले तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही, असे तिथे म्हटले आहे. राजाच्या सुखी आणि धर्मनिष्ठ राज्याची स्तुती ताम्रपटाच्या आरंभी असते आणि ती मुद्दाम लिहिलेली असते. तिच्यावर आपण जपून विश्वास ठेवतो. अट मात्र व्यवहारासाठी लिहिलेली आहे. ज्याची भीती वाटते तेच माणूस अटीत घालतो, हे घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. दानभूमी मिळालेल्या गावांतून राजसत्तेला आव्हान उभे राहू शकते, अशी काळजी पाचव्या शतकातल्या दरबारात होती, हे आपल्याला राजाने सांगितलेले नाही. ते त्याच्या अटीतून निसटले आहे. सांगायचे म्हणून लिहिलेल्या मजकुरापेक्षा असे नकळत निसटलेले शब्द अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटतात.

मी वर ‘पाचव्या शतकातल्या’ असे सहज लिहून गेलो, पण ते शतक ठरायला बराच काळ लागला. वाकाटकांचे ताम्रपट शक किंवा संवत देत नाहीत. राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष एवढेच सांगतात, आणि चम्मकचा ताम्रपट अठराव्या वर्षाचा आहे. कोणाच्या अठराव्या वर्षाचा, हे कळते, पण ते वर्ष कालरेषेवर नेमके कुठे बसवायचे हे कळत नाही. दुवा एकच होता. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या, असे त्यात म्हटले आहे. जॉन फेथफुल फ्लीट या विद्वानाने १८८८ साली गुप्तकालीन लेखांचा संग्रह प्रसिद्ध करताना हा देवगुप्त म्हणजे मगधातल्या उत्तरकालीन गुप्त घराण्यातला त्याच नावाचा राजा, असे मानले, आणि त्यामुळे प्रवरसेन सातव्या शतकाच्या अखेरीकडे ढकलला गेला. फ्लीट अत्यंत काटेकोर माणूस होता आणि त्याचे वाचन चुकले नव्हते. हाती असलेल्या पुराव्यात देवगुप्त नावाचा दुसरा योग्य राजा त्याला दिसत नव्हता, इतकेच.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्यात आलेला आणखी एक ताम्रपट विद्वानांपुढे आला. तो स्वतः प्रभावतीगुप्तेने, मुलगा लहान असताना राज्य सांभाळताना, नंदिवर्धनाहून दिलेला होता, आणि त्यात तिने आपल्या माहेरची वंशावळ दिली होती: समुद्रगुप्त, त्याचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त आणि त्याची कन्या आपण. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव होते. चंद्रगुप्ताचा काळ इतर लेखांवरून आणि नाण्यांवरून ठाऊक होता, आणि त्यामुळे एका पत्र्यासरशी अख्खे वाकाटक घराणे अडीचशेहून अधिक वर्षे मागे सरकले. इतिहास सतत बदलतो म्हणून तो मनाजोगता लिहिता येतो, असे म्हणणाऱ्यांनी हा बदल नीट पाहावा. तो कोणाच्या मताने झाला नाही. पुरावा आल्यावर आधीचे मत टिकू शकले नाही म्हणून झाला.

नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, असे अभ्यासक बऱ्याच काळापासून म्हणत होते आणि नागपुरात आयुष्य घालवलेले वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या साऱ्या लेखांचे जे संपादन केले त्यामुळे या भूगोलाला पक्का आधार मिळाला. अलीकडे नगरधनला झालेल्या उत्खननात मातीची एक मुद्रा सापडली, तिच्यावर प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाची आकृती आहे. ताम्रपट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, वारसांबरोबर फिरतो, तांबटाच्या दुकानात मोडीत येतो; पण जमिनीच्या थरात, त्या काळच्या खापरांबरोबर सापडलेली मुद्रा जागा सोडत नाही. वेगळ्या प्रकारचा, वेगळ्या वाटेने आलेला पुरावा तेच सांगू लागला की खात्री वाढते. आक्का आणि नगरपालिका यांच्या बाबतीत झाले तेच इथे झाले.

वाचन पक्के असूनही अर्थ लागत नाही, असेही होते. याच राणीच्या रिद्धपूर ताम्रपटात तिच्याविषयी शंभराहून अधिक वर्षांचा उल्लेख असलेला एक सामासिक शब्द आहे. काही विद्वानांनी त्यावरून ती शंभर वर्षांहून अधिक जगली असे मानले, तर काहींच्या मते तो शब्द तिच्या मुला-नातवंडांना उद्देशून आलेला आयुष्यवाचक गौरव आहे, आपल्याकडे ‘अखंड सौभाग्यवती’ लिहितात तसा. अशा वेळी अक्षरे वाचता येणे पुरत नाही. त्या काळच्या लोकांची बोलण्याची रीत माहीत असावी लागते.

आता आपल्या शहराकडे येऊ. नागपूर १७०२ साली देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने बारा वाड्या एकत्र करून वसवले, असे आपण शिकतो, आणि २००२ मध्ये त्रिशताब्दीही साजरी झाली. परंतु वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा जो ताम्रपट मिळाला आहे त्यावर शक ८६२ घातलेला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ९४० साल. त्यात दान दिलेले गाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विभागात असल्याचा उल्लेख आहे. मग शहर तीनशे वर्षांचे की हजार वर्षांचे?

प्रश्न थोडा सैल आहे, म्हणून उत्तर निसटते. नागपूर हे नाव दहाव्या शतकात या भागात होते, एवढे देवळीचा पत्रा सांगतो. ते नेमके आजच्या महाल आणि इतवारीच्या जागेवर होते का, सलग वसलेले राहिले का, त्याला गाव म्हणावे की नगर, हे त्यातून निघत नाही. बख्त बुलंदने राजसत्तेच्या गरजेने इथे नगराची उभारणी केली आणि त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी इथे आणली, ही वेगळी घटना आहे. ‘स्थापना’ या एका शब्दात आपण नाव, वस्ती आणि राजधानी अशा तीन गोष्टी कोंबल्या की वाद अटळ असतो. गल्लीतल्या चहाच्या टपरीवर मी तो अनेकदा ऐकला आहे.

बख्त बुलंदाविषयी आणखी एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या नावाचा अर्थ उंच नशिबाचा असा होतो. तो मोगलांविरुद्ध उठला तेव्हा औरंगजेबाने त्याला ‘निगूँ बख्त’, म्हणजे उलट्या नशिबाचा, असे म्हणावे असा हुकूम काढल्याची नोंद मोगल कागदांत आहे. त्या नोंदीवरून राजाचे नशीब कसे होते ते कळत नाही. बादशहाला त्याचा किती त्रास होत होता, हे मात्र चांगले कळते.

लिखाण मुळीच नसेल तर काय करायचे? काटोल रस्त्याने गेले की जुनापाणीला शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, दिसतात. तिथे ती सुमारे तीनशे आहेत, आणि टाकळघाट, माहूरझरी, नायकुंड अशा नागपूरभोवतालच्या अनेक ठिकाणी आणखी आहेत. रिव्हेट-कार्नक यांनी १८७९ च्या सुमारास जुनापाणीच्या वर्तुळांवर लिहिले. स्वातंत्र्यानंतर पद्धतशीर उत्खनने झाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या या दफनांत लोखंडी हत्यारे, खापरे आणि घोड्याचे अवशेष त्याच्या तांब्याच्या अलंकारांसह मिळाले, आणि नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. यावरून ही माणसे लोखंडाच्या कामात तरबेज होती आणि घोड्याला त्यांच्या लेखी मान होता, हे ठामपणे म्हणता येते. ती स्वतःला काय म्हणत, कोणती भाषा बोलत, घोडा पुरताना कोणते मंत्र किंवा गाणी म्हणत, हे माती सांगत नाही. काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत आणि त्यांची मांडणी आकाशातल्या ग्रहताऱ्यांशी जोडण्याचा प्रयत्नही झाला आहे. तो विचार करण्याजोगा आहे, पण लोखंडाच्या पुराव्याइतका तो पक्का नाही, आणि दोन्ही एकाच सुरात सांगणे योग्य नव्हे.

याच्या उलट अडचण सीताबर्डीच्या लढाईची आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण सीताबर्डीच्या टेकडीवर लढली. इंग्रजी वृत्तांतांत भोसल्यांच्या सैन्याचा आकडा १८,००० च्या आसपास दिलेला आढळतो, आणि कंपनीचे सैनिक दीड हजारांच्याही आत होते असे म्हटलेले असते. आपल्या बाजूचे सैनिक कंपनीला पगारपत्रकावरून मोजता येत होते. समोरची फौज मात्र धुरातून आणि भीतीतून मोजली गेली होती, आणि शत्रू जितका मोठा तितका विजय मोठा. आप्पासाहेबांनी विश्वासघात केला, हा त्या लिखाणातला कायमचा शब्द आहे. मे १८१६ मध्ये त्यांनी तैनाती फौजेचा तह केला होता, त्यामुळे कंपनीच्या नजरेतून तो शब्द बसतो. पण तोच तह नागपूरच्या दरबारात कसा पाहिला जात होता, हे रेसिडेंटाच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, टपालातून शोधायचे म्हणजे विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या कागदांवरून आपली बाजू मांडण्यासारखे आहे. तरीही ते कागद टाकून देता येत नाहीत. रेसिडेंटाने वरिष्ठांना घाईत लिहिलेल्या पत्रात, कोणत्या दिवशी दरबारात कोण आले-गेले, बाजारात धान्याचा भाव काय होता, अरब शिपायांचा पगार किती थकला होता, अशा गोष्टी सहज येऊन जातात, आणि तिथे खोटे बोलण्याचे कारण कमी असते.

आपल्या बखरी घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी सांगण्यावरून, रसाळ भाषेत लिहिल्या गेल्या, आणि वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली तेव्हा बखरींतल्या तारखांची आणि प्रसंगांची त्यांनी फार कठोर झाडाझडती घेतली. समकालीन पत्राचा चिटोरा बखरीच्या पानांपेक्षा वजनदार, ही शिस्त त्यामुळे रुजली. ती बरोबरच आहे, पण मला तिच्यात थोडी भर घालावीशी वाटते: बखर १७६१ किंवा १८१७ साली काय घडले याबाबत कच्ची असेल, मात्र ती लिहिणाऱ्याच्या पिढीला काय घडले असे वाटत होते, आणि कशाचा अभिमान किंवा सल होता, याबाबत ती अस्सल साधन आहे.

ज्यांनी काही लिहिलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न नागपुरात टाळता येत नाही, कारण हे शहर गोंडांनी वसवले आणि गोंडांचा बराचसा इतिहास परधान गायकांच्या कंठात होता. १८४५ पासून इथे राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांकडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा टिपून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडून वारले, आणि त्यांची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्यापर्यंत ती गाथा गायकाच्या तोंडून, मिशनऱ्याच्या कानातून आणि प्रशासकाच्या संपादनातून पोचली आहे. प्रत्येक पायरीवर काय गळले असेल याचा विचार केल्याशिवाय ती वाचू नये, आणि ती वाचायचीच नाही असे ठरवले तर गोंडांविषयी फक्त मोगल आणि भोसले बोलतील.

आठवणी आणि कागद दोन्ही भरपूर असलेली घटना म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा. त्या दिवशी किती लोक जमले होते, याचे आकडे तीन लाखांपासून पुढे वेगवेगळे दिलेले आढळतात. मैदानातल्या गर्दीला हजेरीपट नसतो. नागपूरच का निवडले, याचे उत्तर मात्र बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्वतः दिले. बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, ते या नाग नदीच्या परिसरात राहत, म्हणून हे स्थळ निवडले, आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यालय इथे आहे म्हणून ते निवडलेले नाही, असे त्यांनी सांगितले. माणसाने आपल्या कृतीचे जे कारण सांगितले ते सर्वांत आधी ऐकले पाहिजे. त्यासोबत हेही विचारता येते की ते कारण त्या श्रोत्यांपुढे, त्या दिवशी सांगण्याची गरज का पडली. त्यातून त्या आठवड्यात शहरात कोणती चर्चा चालू असावी याचा अंदाज येतो. प्राचीन नागांविषयीचे विधान किती सिद्ध होते हा तिसरा, वेगळा प्रश्न आहे. तीन प्रश्नांना तीन वेगळे पुरावे लागतात. आणि अजूनही दीक्षाभूमीवर सर्वांत मोठी गर्दी दसऱ्याच्या तिथीला होते, तर १४ ऑक्टोबर ही तारीखही पाळली जाते.

अभ्यासकांचे आपापसात पटत नाही, याचे मात्र लोकांना फार आश्चर्य वाटते. रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीवरच्या उत्खननानंतर कोणाला तिथे बौद्ध अवशेष दिसले, तर कोणाला ‘प्रवरेश्वर’ असा उल्लेख असलेल्या मुद्रांच्या आधारे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी आणि त्याचे शिवमंदिर दिसले. विटा दोघांनी त्याच पाहिल्या. त्यांतला दुसरा पक्ष मला अधिक बळकट वाटतो, कारण मुद्रेवरच्या अक्षरांचे उत्तर पहिल्या पक्षाला द्यावे लागते आणि ते अजून नीट दिले गेलेले नाही. पण उद्या एखादा लेख सापडला तर मला फ्लीटसारखेच सरकावे लागेल.

आजोबांच्या बाबतीत आम्ही मारबतीचा दिवस मान्य केला, आणि तरीही दाखल्यावरचा १ जुलै पुसता आला नाही. नोकरीत ती तारीख लागली, महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो या नियमाने ते ३० जून १९८९ रोजी निवृत्त झाले, आणि पेन्शन त्याच हिशेबाने बसली. जो दिवस त्यांचा नव्हता त्याने त्यांना तीन महिने आधी घरी बसवले. निरोप समारंभातल्या फोटोत ते हार घालून उभे आहेत. मागे आक्काच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘अठ्ठावन्न पूर्ण व्हायला अजून पोळा यायचा आहे.’